गावची सुरक्षा आणि पोलीस ठाणे: ग्रामपंचायतीच्या हाती नेमके काय आहे?

पहिली गोष्ट स्पष्ट असू द्या: सरपंचाला पोलिसांना हुकूम सोडता येत नाही. ठाण्याचा प्रभारी अधिकारी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला आणि पुढे जिल्हा पोलीस अधीक्षकांना जबाबदार असतो. पोलीस पाटीलही ग्रामपंचायतीचा नोकर नव्हे. त्याचे काम महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 नुसार चालते आणि नेमणूक प्रांत कार्यालयातून होते. म्हणून 'पोलीस पाटलाला हटवा', 'अमुक हवालदाराची बदली करा' असले ठराव फायलीत पडून राहतात. ग्रामपंचायतीच्या हाती आहे ते गावदिवे, गावाची आणि पिकांची राखण, कॅमेरे, स्वतःच्या नोंदी आणि लेखी मागणीचा चिवट पाठपुरावा. एवढ्यावर पुष्कळ काम होते, फक्त कागद नीट लागतो.

आधी आकडे गोळा करा

ग्रामसभेत 'चोऱ्या फार वाढल्यात' असे कोणीही म्हणते. त्यावर साहेब म्हणतात, 'आमच्याकडे तर दोनच गुन्हे दाखल आहेत', आणि विषय तिथेच संपतो. हे टाळायचे तर सभेच्या दीड-दोन महिने आधी ठाण्याला पत्र द्या. गेल्या 12 महिन्यांत गावाच्या हद्दीत घरफोडी, वाहनचोरी, शेतातल्या मोटारी व केबलची चोरी, अवैध दारू आणि रस्ते अपघात यांचे किती गुन्हे दाखल झाले, किती उघडकीस आले, किती प्रकरणांत दोषारोपपत्र गेले, एवढेच विचारा. नावे मागू नका.

पत्राला उत्तर आले नाही तर एखाद्या ग्रामस्थाने माहिती अधिकारात अर्ज करावा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज बहुतेक वेळा फेटाळला जातो तो जबाब, पंचनामे किंवा केस डायरीच्या प्रती मागितल्यामुळे. तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते, पण निव्वळ संख्येने कोणत्याही तपासात अडथळा येत नाही.

त्याच काळात ग्रामपंचायतीने स्वतःची नोंदवही सुरू करावी. रकाने असे: घटनेची तारीख, अंदाजे वेळ, ठिकाण (शेत असेल तर गट क्रमांक), काय गेले, ठाण्यात कोण गेले, आणि तिथून काय कागद मिळाला. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. गावच्या वहीत मोटारचोरीच्या अकरा घटना आणि ठाण्याच्या यादीत दोन, असे निघाले तर ग्रामसभेपुढचा खरा प्रश्न उरलेल्या नऊंचा आहे.

त्या नऊंचे काय झाले हे शोधले की बहुधा तीनच कारणे सापडतात. काहीजण ठाण्यात गेलेच नाहीत. काहींना अदखलपात्र नोंदीचा, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करत नाहीत अशा नोंदीचा, कागद मिळाला. आणि काहींचा नुसता 'तक्रार अर्ज' आवक शिक्का मारून ठेवून घेतला. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. एखादा ठरावीक अपवाद वगळता त्याचा एफआयआरच व्हायला हवा आणि त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळायला हवी. आवक शिक्का म्हणजे एफआयआर नव्हे, हे गावात वारंवार सांगावे लागते. हद्दीचा वाद घातला जात असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. लोक ज्याला झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमानुसार तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा, तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. टपालाची पावती जपून ठेवा, पुढे तिच्यावरच सगळे अडते.

ग्रामसभा आणि ठराव

पोलीस अधिकाऱ्याला बोलवायचे असेल तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सभा टाळा. त्या दिवशी सगळे ठाणे बंदोबस्तात असते. वेगळी तारीख धरून सभा लावा, नोटिशीत विषय स्वतंत्रपणे लिहा आणि निमंत्रणाबरोबर प्रश्नांची यादी जोडा. अधिकारी आकडे घेऊन येतात ते प्रश्न आधी मिळालेले असले तरच. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. त्याआधीच्या महिला सभेतही हा विषय घ्या. छेडछाड आणि दारूच्या अड्ड्यांची ठिकाणे खरी तिथेच कळतात.

ठराव लिहिताना बहुतेक जण 'पोलिसांनी योग्य ती कारवाई करावी' इथेच थांबतात. त्याला उत्तरही 'योग्य ती कारवाई करण्यात येत आहे' असेच येते. त्यापेक्षा असे लिहा:

'गावठाण ते बसथांबा या रस्त्यावर दि. ... ते दि. ... या काळात घडलेल्या, सोबतच्या यादीतील सात घटना पाहता, पोलीस ठाण्याने आठवड्यातून किमान तीन रात्री 1 ते 4 या वेळेत गस्त ठेवावी व केलेल्या गस्तीच्या तारखा दरमहा ग्रामपंचायतीस कळवाव्यात, अशी विनंती करण्यात येत आहे. या रस्त्यावरील बंद असलेले नऊ दिवे ग्रामपंचायत 15 दिवसांत सुरू करील.'

ठिकाण, वेळ, मोजता येईल अशी मागणी आणि आपल्या अंगावर घेतलेले काम, या चारही गोष्टी त्यात आहेत. चौथी नसेल तर अधिकारी पहिला प्रश्न बंद दिव्यांचाच विचारणार, आणि तो रास्तच असतो. सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांकासह नक्कल ठाण्याला, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला आणि तहसीलदारांना द्या. प्रत्येक ठिकाणची सही-शिक्क्याची पोच घ्या. महिनाभरात हालचाल नसेल तर नवा ठराव करत बसू नका. त्याच ठरावाचा क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या आणि प्रत अधीक्षकांना पाठवा.

सदस्यांवरची जबाबदारी

हे अनेक सदस्यांच्या गावीही नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 34 प्रमाणे ग्रामपंचायत सदस्यावरही पोलिसांना किंवा जवळच्या दंडाधिकाऱ्याला काही गोष्टी ताबडतोब कळवण्याचे बंधन आहे. गावात वा गावाजवळ घडलेला किंवा घडवण्याचा बेत असलेला अजामीनपात्र गुन्हा, चोरीचा माल घेणारा कुख्यात इसम, फरारी आरोपी, अचानक किंवा संशयास्पद मृत्यू, हे सगळे त्यात येते. आधी 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, मग वेळ टिपून लेखी कळवा.

तंटामुक्त गाव समिती 2007 पासून गावोगावी आहे, तिचा उपयोगही आहे: बांधाचा वाद, शिवीगाळ, किरकोळ मारहाण. पण बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार किंवा अॅट्रॉसिटीचे प्रकरण बैठकीत 'मिटवायला' घेतले की बैठकीला बसलेलेच अडचणीत येतात. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा आहे. वाळीत टाकण्याचा निर्णय घेतला तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

रात्रीची गस्त

ग्रामसुरक्षा दलाची, म्हणजे गस्त घालणाऱ्या ग्रामस्थांची, यादी ठाण्यात देऊन, नावांची पडताळणी करून आणि ओळखपत्रे घेऊनच गस्त सुरू करा. एका फेरीत किमान चौघे, बॅटरी, शिट्टी, परावर्तक जॅकेट आणि बीट अंमलदाराचा (आपल्या गावाचा भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाचा) नंबर. कुऱ्हाडी-कोयते घरी ठेवा. गस्तीची वही रोज सकाळी पोलीस पाटलाला दाखवा. पहिले पंधरा दिवस उत्साह असतो, मग तेच तेच चारजण उरतात. म्हणून वस्तीनुसार पाळ्या लावा आणि महिन्यात कोणाच्या वाट्याला दोनपेक्षा जास्त रात्री देऊ नका.

पकडण्याचा अधिकार फार मर्यादित आहे. डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करणारा किंवा घोषित फरारी, एवढ्यांनाच सामान्य माणूस पकडू शकतो, आणि विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांकडे द्यावे लागते. अनोळखी माणूस रात्री फिरतो आहे, हे पकडण्याचे कारण नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले गेले, तेही ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून. गस्तीच्या ग्रुपवर फोटो, गाडी नंबर किंवा ऐकीव मेसेज टाकण्याआधी बीट अंमलदाराला विचारायचे, हा नियम पहिल्याच बैठकीत घाला आणि ग्रुपमध्ये मेसेज टाकण्याची मुभा फक्त अॅडमिनला ठेवा.

कॅमेरे

खर्च आराखड्यात आधी धरा. जागा बीट अंमलदाराबरोबर फिरून ठरवा. गावात शिरणारे-निघणारे रस्ते आधी, चौक नंतर. वाहनाचा नंबर टिपायचा तर त्यासाठी वेगळा कॅमेरा, कमी उंचीवर आणि अरुंद कोनात लागतो. खांबावर उंच लावलेल्या साध्या कॅमेऱ्यात रात्री हेडलाइटच्या झगमगाटात पाटी नुसती पांढरी दिसते.

साठवणीचा हिशेब ठेकेदारावर सोडू नका. 2 एमबीपीएसने सतत चित्रीकरण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे 30 दिवसांचे चित्रीकरण ठेवायला जवळपास 2.6 टीबी लागतात. 1 टीबीची डिस्क बसवली तर अकरा-बारा दिवसांत जुने पुसले जाते, आणि गावाबाहेर गेलेले कुटुंब परतून घरफोडी उघड होईपर्यंत पुरावा उरत नाही. डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) आणि राउटरला यूपीएस द्या, कारण चोऱ्या भारनियमनातही होतात. दर सोमवारी ग्रामपंचायत शिपायाने प्रत्येक कॅमेऱ्याचे आदल्या रात्रीचे चित्र उघडून पाहावे आणि डीव्हीआरचे घड्याळ मोबाइलशी ताडून किती मिनिटांचा फरक आहे ते वहीत लिहावे.

चित्रीकरण द्यायचे ते पोलिसांच्या लेखी पत्रावरच, आणि तारीख, वेळ, कॅमेरा क्रमांक व घेणाऱ्याची सही नोंदवून. न्यायालयात ते टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारी तिची सांकेतिक खूण, येते. म्हणून प्रत काढतानाच तपास अधिकाऱ्याला समोर बसवा आणि मूळ डिस्कवरचा तो भाग पुसला जाणार नाही अशी सोय करा. गावातल्या कोणी 'जरा माझ्या शेजाऱ्याचे बघायचे होते' म्हणून फुटेज मागितले तर सरळ नाही म्हणा.