न्यूट्रोफिलवर काम करायचंय? मग आधी रक्त बघा

बडोद्यात एमएस्सी करून पीएचडीच्या वाटेला लागलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, कायनेजवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" (कायनेज म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम.) मी सांगते, रक्तापासून. हे उत्तर कुणाला फारसं आवडत नाही.

विषय थोडक्यात असा: न्यूट्रोफिल ही रक्तातली पांढरी पेशी. तिने जंतू गिळला की ती एकदम भरपूर ऑक्सिजन ओढते आणि त्याचा सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप, करते. हाच ऑक्सिडेटिव्ह बर्स्ट. तो घडवणाऱ्या नॉक्स-२ एन्झाइमचे भाग एरवी वेगवेगळे असतात. जीपी९१ आणि पी२२ ही प्रथिनं पेशीच्या पटलात, तर पी४७, पी६७, पी४० सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात. पी४७ स्वतःवरच दुमडलेलं असतं. प्रोटीन कायनेज सी त्याच्या सेरीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतं, घडी उलगडते आणि पी४७ बाकीच्यांना घेऊन पी२२ला जाऊन चिकटतं. रॅक२ हे आणखी एक प्रथिन तिथे स्वतंत्रपणे पोचतं.

आता खरी अडचण. ही पेशी फार चटकन चिडते. टीएनएफ किंवा जीएम-सीएसएफ या संकेत देणाऱ्या प्रथिनांचा नुसता स्पर्श झाला तरी पी३८ किंवा ईआरके ही कायनेजं पी४७च्या ३४५ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावून ठेवतात. बर्स्ट होत नाही, पण पेशी तयारीत राहते आणि पुढचा प्रतिसाद मोठा येतो. म्हणून रक्त देणाऱ्याला सर्दी-ताप, दाढदुखी आहे का, कुठली गोळी घेतली आहे का, हे विचाराच. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सहीचा फॉर्म त्याही आधी. मित्र असला तरी तोंडी "हो" चालत नाही. बफरमध्ये एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) नको. काचेची नळी नको, पेशी तिला चिकटून जाग्या होतात. व्हॉर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) तर नकोच. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिशीला टेकतो, तेव्हा रक्ताची नळी स्कूटरच्या डिकीत टाकून आणू नका!

सुपरऑक्साइड मोजायला सायटोक्रोम सी; सुपरऑक्साइडमुळे त्याचं ५५० नॅनोमीटरवरचं प्रकाशशोषण वाढतं. सोबत एसओडी (सुपरऑक्साइड नष्ट करणारं एन्झाइम) घातलेली नळी हवीच, नाहीतर तो वाढणारा आकडा सुपरऑक्साइडचाच आहे हे सांगता येणार नाही. आलेख नीट बघायला शिका. पेशींना पीएमए हे उत्तेजक रसायन दिलं की थोडा वेळ काहीच होत नाही, मग रेघ सरळ चढत राहते. एफएमएलपी हे जिवाणूंच्या प्रथिनांसारखं पेप्टाइड दिलं की लगेच उसळी येते आणि काही मिनिटांत ती विरते. पीएमए पेशीवरच्या रिसेप्टरला (संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला) वगळून थेट प्रोटीन कायनेज सीला गाठतं. एफएमएलपी मात्र रिसेप्टरमार्गे जातं आणि त्या वाटेवर पीआय३ कायनेज, पी३८ अशी बरीच मंडळी असतात. त्यामुळे एकट्या पीएमएच्या जोरावर "शरीरात असंच घडतं" असं लिहिणारे प्रबंध मला पटत नाहीत.

इनहिबिटरबद्दलही (कायनेज अडवणाऱ्या औषधांबद्दलही) तेच. स्टॉरोस्पोरिन कितीतरी कायनेज एकदम थांबवतं. शिवाय एखादं औषध कायनेजला हात न लावता सुपरऑक्साइडच खाऊन टाकत असेल तर? पेशी न घालता झँथिन आणि झँथिन ऑक्सिडेजने सुपरऑक्साइड तयार करून त्यात औषध टाकून बघा. तिथेही सिग्नल पडला, तर कायनेजचा दावा सोडा. नाही पडला, तर पी४७वर फॉस्फेट चढलं की नाही हे दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीकडे वळा.

या पेशी गोठवून ठेवता येत नाहीत, काही तासांतच वापराव्या लागतात. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला ताजं रक्त हवं. तेव्हा वेळापत्रक आखताना १४ आणि १५ जानेवारी मोकळे ठेवा. उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या सणाला, बडोद्यात गच्चीवरून खाली उतरून कुणी तुम्हाला रक्त देणार नाही.