सोरायसिसचं मलम लावताना या चुका टाळा

‘लावतोय तोवर बरं असतं, सोडलं की पुन्हा तेच.’ सोरायसिसचे चट्टे असलेल्यांची ही तक्रार खोटी नाही. हा आजार दीर्घकाळ सोबत राहतो; मलमाने तो आटोक्यात येतो, मुळासकट जात नाही. पण मलम चुकीच्या पद्धतीने वापरल्यामुळेही पुष्कळ त्रास होतो, आणि तेवढा तरी टाळता येतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्टिरॉइडचं मलम कधी थांबवायचं हे माहीत नसणं. क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टिरॉइड सहसा सलग २ आठवड्यांसाठी देतात, काही वेळा ४ आठवड्यांपर्यंत. आठवड्याला ५० ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात काय होतं? चट्टा सपाट होतो, पापुद्रे जातात, पण जागेवर पांढुरका किंवा काळसर डाग उरतो. माणसाला वाटतं, अजून बरं झालेलं नाही, आणि तो लावतच राहतो. तो डाग म्हणजे चालू आजार नव्हे. दाह ओसरल्यावर मागे राहिलेला तो रंग आहे आणि पूर्ववत व्हायला त्याला कित्येक महिने लागू शकतात. स्टिरॉइडने तो लवकर जात नाही. उलट जास्त दिवस लावल्यास स्टिरॉइडमुळेच त्वचा फिकी पडू शकते. म्हणून चट्ट्याचा रंग बघत बसू नका, त्यावरून बोट फिरवून बघा. जाडी आणि खरखर गेली असेल तर पुढे काय करायचं, हे डॉक्टरांना विचारायची वेळ झाली.

मुदतीपलीकडे लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ताणल्यासारखे कायमचे वळ उठतात. जांघ, काख, जननेंद्रियं, चेहरा इथली त्वचा नाजूक असते, तिथे हे लवकर घडतं. कोपरासाठी दिलेलं मलम तिथे लावूच नका. पापण्यांवर तर अजिबात नको, कारण काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. चट्ट्यावर मलम लावून वरून प्लास्टिक गुंडाळल्यास औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते करू नये.

हे वाचून घाबरून ट्यूब एकदम फेकून देऊ नका. कित्येक महिने वापरलेलं तीव्र स्टिरॉइड अचानक बंद केलं तर आजार उसळून येऊ शकतो. डॉक्टर ते हळूहळू कमी करतात: कधी आठवड्यातले फक्त दोन दिवस स्टिरॉइड आणि बाकीचे दिवस कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखं, स्टिरॉइड नसलेलं औषध) किंवा नुसतं मॉइश्चरायझर.

भीतीपोटी ठिपका ठिपका लावणं हीदेखील चूकच. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. या मापाने लावलं की कमी-जास्त होत नाही.

‘काहीच फरक नाही’ असं वाटत असेल तर आधी पापुद्रे बघा. जाड थरावर चोपडलेलं औषध खाली पोहोचतच नाही. कोमट पाण्याने आणि मॉइश्चरायझरने पापुद्रे मऊ करा, पण नखांनी खरवडू नका. खरचटलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. पापुद्रे काढायला सॅलिसिलिक ॲसिड दिलं असेल, तर कॅल्सिपोट्रिऑल त्याच्यासोबत लावू नका, कारण ॲसिडमुळे ते निष्क्रिय होतं. प्रकाशोपचार (त्वचेवर अतिनील किरण सोडून केलेले उपचार) चालू असतील तर कॅल्सिपोट्रिऑल त्यानंतर लावायचं, आधी नाही. कॅल्सिपोट्रिऑलचा परिणाम सावकाश दिसतो, कधी ८ आठवडेही लागतात. दहा दिवसांत निराश होऊन दुप्पट लावण्यात अर्थ नाही. प्रौढांनी आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर वापरलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. डोक्यासाठीचं लोशन मात्र भांग पाडून थेट त्वचेवर जायला हवं. केसांवर लागलेलं वाया जातं.

तरीही फरक नसेल तर निदानच तपासून घ्या. कडेने लाल आणि मधून साफ होत पसरणारी गोल चकती बुरशीची असू शकते. स्टिरॉइडने ती आधी दबते आणि मग फोफावते. म्हणूनच दुसऱ्याची ट्यूब किंवा बुरशी, जंतू आणि खाज सगळ्यांवर एकच म्हणून मिळणारं मिश्र मलम मनाने लावणं मला फार धोक्याचं वाटतं.

सोरायसिसच्या चट्ट्यांवर लावायला देतात ते टॅझारोटिन हे औषध गरोदरपणात चालत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा. आणखी एक, सहसा कुणी सांगत नाही असं: पॅराफिनयुक्त मलमं कपड्यांत आणि चादरीत मुरतात आणि असं कापड चटकन पेट घेतं. शेगडी, मेणबत्ती, सिगारेट यांपासून लांब राहा.

अंगभर लाली पसरली, पूभरल्या बारीक पुळ्या उठल्या, सोबत ताप किंवा हुडहुडी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बोटं सुजत असतील, सकाळी सांधे बराच वेळ आखडत असतील तर तेही सांगा, चट्टे कितीही थोडे असले तरी. सांध्यांच्या सोरायसिसवर मलमाचा उपयोग होत नाही, आणि उपचार लांबले तर सांध्याची झालेली हानी भरून येत नाही.