गाडीची उंची कमी केल्यावर कुरकुर आणि ताठ चाल: बुश सैल करून पुन्हा कसले

लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणारी) बसवल्यापासून खड्ड्यात कुरकुर, चाल ताठ, आणि गाडी हवी तेवढी बसेचना. सिलिकॉन स्प्रे मारला, लिंक रॉड बदलले, आवाज तसाच. डोकं उठलं होतं.

दोष रबरी बुशचा, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी नळकांड्याचा. त्याची आतली नळी बोल्टने जखडलेली असते, त्यामुळे रबर जुन्या उंचीलाच धरून पिळलेलं राहतं.

चारही चाकं रॅम्पवर घेतली, म्हणजे वजन सस्पेन्शनवरच. गुटके लावले. कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) बुशचे बोल्ट सैल केले, काढले नाहीत (कॅम बोल्टवर, म्हणजे फिरवला की चाकाचा कोन बदलतो त्या बोल्टवर, आधी खूण हवीच). बंपर दाबून गाडी हलवली, बसू दिली. तशाच स्थितीत मॅन्युअलमधल्या टॉर्कला (कसण्याच्या जोराला) कसले. जॅकवर, चाक लटकत असताना कसलं तर पुन्हा तेच दुखणं. नंतर व्हील अलाइनमेंट. कुरकुर गेली.