अठ्ठावीस टाक्यांचा मफलर

मी टर्नर. भोसरीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळे विणकामाकडेही जॉब म्हणूनच बघतो. माल काय, टूल कुठलं, माप काय आणि तो जॉब शेवटी बसणार कुठे? हा शेवटचा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारलाच नाही. ती हकिगत आधी सांगतो, कारण पुढची सगळी मापं तिच्यातूनच आली आहेत.

रिटायर झाल्यावर मी घरभर येरझाऱ्या घालायला लागलो, तेव्हा हिने माझ्या हातात दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा दिला. "एका जागी बसा तरी," म्हणाली. त्या हिवाळ्यात मी अकरा मफलर विणले. पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना वीत-वीत दशा. यवतजवळ माझ्या मेव्हण्याचा ऊस आहे. तिथे तोडणीला बीडकडची माणसं येतात, रानाच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहतात. पहाटे चारला उठून ट्रॅक्टरच्या मोकळ्या ट्रॉलीत बसून फडावर जातात. तिथली थंडी अंगावर घेतली की कळतं. मफलर तिथेच नेऊन वाटले. पंधरा दिवसांनी परत गेलो तर एका मफलरची चुंबळ झाली होती, डोक्यावर मोळी घ्यायला. एका बाईने स्पष्टच सांगितलं, "काका, ऊब लई हाय बगा, पर ह्या दशा पाचटात गुतत्यात. आन् वाकलं की म्होरं लोंबतंय."

चूक त्यांची नव्हती, माझ्या ड्रॉइंगची होती. वाकून काम करणाऱ्या माणसाच्या गळ्यात लोंबणारं काही नको. मग मी माप बदललं: रुंदी १३ सेंटिमीटर, लांबी ९०, दशा नाहीत, आणि एका टोकाकडे एक काज. दुसरं टोक त्या काजातून ओढून घेतलं की गळ्याला घट्ट बसतं. वाकलं तरी सुटत नाही, गाठ मारावी लागत नाही. तोच मफलर इथे शिकवतो.

माल. तुळशीबागेच्या आसपास किंवा रविवार पेठेत लोकर मागितली की जे मिळतं ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं. लोकरच म्हणतात त्याला, आपणही म्हणू. वाटायच्या मफलरला ते चांगलंच आहे. कसंही धुतलं तरी आटत नाही, आणि कोपीवर कुणी लोकर वेगळी भिजवत बसणार नाही. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून काडीने पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. हा मणी लक्षात ठेवा. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या गळ्यात जे वितळणारं आहे, त्याची टोकं आखूड आणि आत खोचलेलीच हवीत. दशा काढून टाकायचं हे दुसरं कारण. ते मला आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

एकाच रंगाचे गुंडे घेताना लेबलवरचा डाय लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, सारखा आहे ना ते बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन निळे एकच दिसतात, गच्चीवर आणलं की मफलरच्या मधोमध सरळ रेघ. रंग गडद घ्या. पांढरा, बेबी पिंक वगैरे आपल्या नातीला.

सुया. इथे मी थोडा वेळ घेणार, कारण इथेच माझी जिरली होती. हिच्या आजीच्या जुन्या सुयांवर ८, १० असे आकडे आहेत. तो जुना ब्रिटिश नंबर, आकडा वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकन नंबर बरोबर उलटा, आकडा वाढेल तशी सुई जाड. मोबाइलवर सापडलेल्या एका नमुन्यात "१० नंबर" लिहिलं होतं, मी आजीची दहा नंबर घेतली. नमुना अमेरिकन होता, तिथली दहा म्हणजे ६ मिलिमीटर. माझ्या हातातली होती ३.२५. तीन दिवसांनी मफलरऐवजी कमरेचा पट्टा तयार झाला, तोही उभा राहील इतका कडक. तेव्हापासून मी नंबर वाचतच नाही, सुईला व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं कारखान्यातलं माप, लावतो. घरी व्हर्नियर नसेल तर सुयांच्या मापाची भोकं पाडलेली पट्टी मिळते, ती घ्या. आपल्याला ४ मिलिमीटरची जोडी हवी. ब्रिटिश आठ म्हणजे तीच. अमेरिकन आठ मात्र ५ मिलिमीटर, त्या फंदात पडू नका. सोबत मध्यम जाडीची, बाजारात डबल निटिंग म्हणतात ती लोकर.

आधी २१ टाके घालून २० ओळी विणा आणि रुंदी मोजा. १० सेंटिमीटरच्या जवळपास आली तर तुमचा हात माझ्यासारखा आहे. १२ आली तर हात सैल आहे, सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्या. हे कुणी करत नाही. मीही करत नव्हतो, पट्टा होईपर्यंत.

आता २८ टाके घाला. शेपूट, म्हणजे टाके घालायला लागणारा दोरा, आधी काढून ठेवा: मफलरच्या रुंदीच्या तिप्पट, वर वीतभर जास्त. टाके सैल घाला. नवशिका इथे जीव खाऊन आवळतो आणि पहिल्या ओळीत सुई शिरत नाही. तसं होत असेल तर टाके जाड सुईवर घाला आणि पहिली ओळ विणताना चारच्या सुईवर या.

विणायचं सगळं सुलट. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण दिसायला गुळगुळीत असते, पण मफलरला घातली तर दोन्ही कडा वळून त्याची सुरळी होते. इस्त्रीने ती बसत नाही, अॅक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवली तर लोकरच मरते, लुळी पडते. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापड सपाट राहतं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि जाड होतं. उलट टाका शिकायचा नंतर शिका.

सुलट टाका म्हणजे चार हालचाली. दोरा मागे. उजवी सुई डावीवरच्या पहिल्या फाशात पुढून मागे घाला. दोरा तिच्या टोकावरून फिरवा. तो वेढा फाशातून पुढे ओढा आणि जुना फास डाव्या सुईवरून सोडून द्या. झालं. लेथवर फीड देताना जसा हात जड करायचा नसतो तसाच इथेही. दोरा करंगळीतून नुसता सरकू द्या.

पहिल्या आठवड्यात माझे २८ चे ३३ झाले. रोज एक-दोन टाके वाढायचे. मी मोजून मोजून दमलो, शेवटी हिला दाखवलं. ही क्रोशावाली. दोन सुयांचं काम करत नाही, पण नजर तीच. चष्मा वर करून म्हणाली, "अहो, ओळ सुरू करताना दोरा सुईवरून मागे ओढताय. पहिला टाका उताणा पडतो आणि त्याचे दोन पाय वर येतात. तुम्ही दोन्ही पाय विणताय." बरोबर होतं. दोरा सुईच्या खालून मागे न्यायचा, मग पहिला टाका एकच दिसतो. दर दहा ओळींनी टाके मोजा, निदान पहिल्या मफलरला.

टाका सुटला तर घाबरून सुई बाहेर ओढू नका. सेफ्टी पिन अडकवून ठेवा, मग क्रोशाच्या सुईने शिडीचा एक-एक गज उचलत वर आणा.

सरळ विणत जा. १० सेंटिमीटरला साधारण ४० ओळी पडतात, म्हणजे ९० ला ३६०, आणि ३६० गुणिले २८ म्हणजे दहा हजार ऐंशी टाके. मिनिटाला वीस टाके पडले तर साडेआठ तासांच्या आत काम होतं. शॉपवर असतो तर सुपरवायझरला हाच हिशेब दिला असता. सुरुवातीला दुप्पट वेळ धरा.

काज १५ सेंटिमीटर झाल्यावर. ७ टाके विणा. पुढचे १४ बंद करा: दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडायचा, मग एक विणायचा, मागचा सोडायचा. चौदा सुटले की उजव्या सुईवर एक टाका उरतो. तो शेवटच्या सातातला पहिला. त्याला विसरून पुढे सात विणायला गेलात तर डाव्या सुईवर सहाच निघतील आणि तुम्ही माझ्यासारखे सातवा शोधत बसाल. परत येणाऱ्या ओळीत ७ विणा, उजव्या सुईवर अंगठ्याने १४ नवे फास घाला, उरलेले ७ विणा. पुन्हा अठ्ठावीस. पुढच्या ओळीत ते नवे फास ढिले वाटतील, वाटू द्या.

शेवटी सगळे टाके बंद करायचे, तेही सैल. ओळ सुरू करण्याआधी उरलेला दोरा मोजा. रुंदीच्या तिप्पट असेल तर बंद होईल, कमी असेल तर दोन ओळी उसवा. सुटी टोकं आखूड कापू नका. अॅक्रिलिक घसरतं, निदान १५ सेंटिमीटरचं टोक जाड सुईत ओवून विणीच्या आतून न्या, मागे वळा, मग कापा.

लहान मुलांसाठी मफलर मी विणतच नाही. ट्रॉलीत, बैलगाडीत बसणाऱ्या पोराच्या गळ्यात लोंबतं टोक म्हणजे चाकात अडकायची भीती. ३६ टाके, ४८ सेंटिमीटर लांब पट्टी, आणि दोन टोकं एकमेकांना शिवून टाकायची. डोक्यातून घालायची नळी. खाली गळा, वर ओढली तर कान.

हिचा क्रोशा वेगळा. ४ मिलिमीटरची आकडी, २६ साखळ्या, पहिला खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, आकडीपासून चौथ्या साखळीत. सुटलेल्या तीन साखळ्या एक खांब धरायचा, म्हणजे ओळीला २४ खांब. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या, आणि शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यात. हा शेवटचा विसरला की मफलर कडेने निमुळता होत जातो. काजासाठी दहा खांब सोडून दहा साखळ्या घालायच्या, माझ्यासारखी टाके बंद करायची कटकट नाही. नमुना इंग्रजीतला असेल तर आधी तो कुठला ते बघायचं. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला अमेरिकेत डबल क्रोशे म्हणतात, इंग्लंडात ट्रेबल. इंग्लंडातला डबल म्हणजे आपला मुका खांब. क्रोशा भराभर होतो पण लोकर जास्त खातो. माझा मफलर ७५ ग्रॅमच्या आत बसतो, हिचा शंभराच्या गुंड्यातून फारसं काही उरवत नाही. यावरून आमचं दर वर्षी वाजतं.

स्वतःसाठी विणायचं तर यातला एकही नियम पाळायची गरज नाही. माझा स्वतःचा मफलर सव्वादोन मीटर आहे, दशांसकट, खऱ्या लोकरीचा. तो मी रिठ्याच्या पाण्यात कोमट धुतो, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबतो आणि सावलीत आडवा वाळवतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घ्यायची फार हौस होती. धनगरांच्या घोंगडीचा सूत घेऊन चार बोटं विणून गळ्याला लावला आणि रात्रभर खाजवत बसलो. घोंगडीला ती राठ लोकरच लागते, मानेचं ते काम नव्हे.

जुने स्वेटर उसवूनही लोकर मिळते, पण आधी आतली शिवण बघा. कडेला ओव्हरलॉकची मशीनची शिलाई असेल तर तो कापून शिवलेला आहे, उसवला तर ओळ-ओळ सुटी होऊन हातभर तुकडे निघतील. हातचा विणलेला असेल तर अखंड धागा येतो. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळा, चार ठिकाणी बांधा, कोमट पाण्यात भिजवून लडी टांगून ठेवा. कुरळेपणा बराच जातो.

वेळ. सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर-कानटोपी चढली की पेपरात फोटो येतो आणि पुणेकरांना मफलर आठवतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. तोडणीची माणसं दिवाळीच्या आगेमागे येतात, मी आषाढात सुरू करतो. डिसेंबरात मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्याला, आधी विचारतो किती कोयते, किती पोरं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून आकडा दुपटीने धरायचा. कमी पडणार असतील तर थांबायचं, पण अर्ध्या कोप्यांना देऊन अर्ध्या रिकाम्या ठेवायच्या नाहीत. विणून झाले की एकदा धुऊन वाळवून न्या, डांबराच्या गोळ्यांचा वास कुणाला नको असतो.

प्रत्येक गुंड्यातून पंचवीसेक ग्रॅम उरतं. तीन गुंड्यांच्या उरल्यासुरल्यातून चौथा मफलर निघतो, पट्ट्यापट्ट्यांचा, बारा-पंधरा ओळींना एक रंग. मला तो भंगारातला जॉब वाटायचा, म्हणून गठ्ठ्यात खाली ठेवायचो. गेल्या वर्षी गठ्ठा सोडला तर पहिल्या बाईने वरचे सगळे बाजूला सारून खालचा पट्ट्यांचा ओढून काढला. यंदा हिने माझे चांगले दोन निळे गुंडे आधीच तोडून ठेवलेत.