फोटोच्या खोलीत शिकताना

दारावर पाटी ‘क्ष-किरण विभाग’ अशी असते. वीसएक वर्षांच्या नोकरीत तो शब्द मी एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही. सगळ्यांसाठी ती ‘फोटोची खोली’, आणि आम्ही फोटोवाले. दर जूनमध्ये गावाकडून कुणाचा तरी फोन येतो, “ताई, पोरगी बारावी सायन्स झाली, तुमच्यासारखं फोटोचं शिकवायचंय, काय करायचं?” फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी जत तालुक्यातली. एका सरकारी रुग्णालयात राहून डिप्लोमा केला, तेव्हा फिल्म डार्करूममध्ये धुवावी लागायची. आता बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, हा रस्ता आहे, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. डिप्लोमाही आहेत. कोर्सचं नाव काहीही असो, एक गोष्ट सोडू नका: शिकवणाऱ्यांचं स्वतःचं रुग्णालय हवं, आणि ते गर्दीचं हवं. माहितीपत्रकावरचा चकचकीत सीटी स्कॅनर बघून भुलू नका. एखाद्या सोमवारी सकाळी दहाला तिथल्या एक्स-रेच्या खोलीबाहेर अर्धा तास उभे राहा. बाकावर माणसं दाटीवाटीने बसली असतील, ट्रॉलीवर कुणी कण्हत असेल, वॉर्डबॉय मामा “बाजूला व्हा, बाजूला व्हा” करत असतील, तर जागा चांगली. शिकणाऱ्या मुलांना हळूच विचारा, “तुम्हाला बॅज मिळालाय का?” (अंगावर पडलेली किरणं मोजणारा.) मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर दुसरीकडे फॉर्म भरा. आणि गाळ्यात भरणारे, रुग्णालयाशिवायचे ‘सहा महिन्यांत टेक्निशियन’ क्लास असतात, तिकडे फिरकूसुद्धा नका.

पहिले काही आठवडे मशीनला कुणी हात लावू देत नाही. मुलं कंटाळतात, मोबाइल काढतात. तेवढ्या वेळात मामांबरोबर ट्रॉली ढकला. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला चादरीसकट टेबलावर कसं घ्यायचं, हे मला कुठल्याही सरांनी शिकवलं नाही, मामांनी शिकवलं. मावशींशीही गोडीने राहा. का, ते पुढे येईलच.

संध्याकाळी होस्टेलवर अ‍ॅनाटॉमी स्वतःच्या अंगावर शिका. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका टोचतो तो सातवा. कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बाजूंनी चाचपली की त्या रेषेत कमरेचा (लंबर) चौथा मणका येतो. आम्ही तिघी एकमेकींच्या अंगावर टेप लावून सेंटीमीटर मोजायचो, कारण अंगाच्या जाडीवरून केव्ही, म्हणजे किरणांचा जोर, काढायचा जुना हिशेब होता: जाडीची दुप्पट अधिक त्या मशीनचा ठरलेला आकडा. आता डिजिटल मशीनवर अवयवाचं चित्र दाबलं की केव्ही आणि एमएएस (किरणांचं प्रमाण) आपोआप येतात. तरी हिशेब येऊ द्या. ऐंशी किलोचा पैलवान आणि टीबीने वाळलेला म्हातारा, दोघांसाठी मशीन तेच चित्र दाखवतं. केव्ही १५ टक्के वाढवला तर फिल्मवर एमएएस दुप्पट केल्याइतका फरक पडतो, आणि अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाई होते. एवढी दोन गणितं झोपेतून उठवून विचारली तरी यायला हवीत. रात्रपाळीत झोपेतून उठवतातच.

आता छातीचा फोटो. सगळ्यात जास्त हाच काढाल, आणि सगळ्यात जास्त हाच बिघडवाल.

पेशंटची छाती स्टँडला, पाठ किरणं सोडणाऱ्या नळीकडे, अंतर १८० सेंटीमीटर. हनुवटी वर. हात कमरेवर, तळवे बाहेर, आणि कोपर पुढे ढकलायचे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात. मग “मोठा श्वास घ्या... सोडा... परत मोठा घ्या, धरा!” दुसरा श्वास पहिल्यापेक्षा खोल जातो, एक्स्पोजर त्यावर द्यायचं, म्हणजे किरणं तेव्हा सोडायची. आमच्या सीमाभागात निम्मे पेशंट कानडी, त्यांना “उसिरु हिडीरी” (श्वास धरा) म्हटलं की काम होतं. तुमच्या भागातल्या पेशंटची जी भाषा असेल, तिच्यातली ‘श्वास घ्या’ आणि ‘धरा’ ही दोन वाक्यं पहिल्याच आठवड्यात पाठ करा. बहिऱ्या आजोबांसाठी मी स्वतः समोर उभी राहून छाती फुगवून दाखवते. हसतात, पण श्वास बरोबर घेतात.

त्याआधीचं काम मात्र कपड्यांचं. शर्टाच्या खिशातलं नाणं, ताईत, ब्लाउजची टाचणी, हुक, सगळं फिल्मवर येतं. शिकत असताना माझ्या एका फिल्मवर फुप्फुसाच्या टोकाला डाग दिसला. सरांनी विचारलं, “बाईंची वेणी कुठे होती?” तेल लावून घट्ट घातलेली जाड वेणी खांद्यावरून पुढे आलेली, आणि तिची सावली टीबीच्या डागासारखी पडलेली. बाईंना परत बोलावलं, वेणी डोक्यावर बांधली, डाग गेला. तेव्हापासून माझ्या खिशात केसांची क्लिप असते, प्लॅस्टिकची.

मंगळसूत्र काढायला सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. “दागिने काढा” असं काउंटरवरून ओरडलात तर अर्ध्या बायका घाबरतात आणि बाकीच्या ऐकत नाहीत. जवळ जाऊन सांगायचं, “काकू, दोन मिनिटांसाठी मावशींच्या हातात द्या, तुमच्या डोळ्यांसमोर राहील.” पाळीचंही तसंच. पोटाचा किंवा कमरेचा फोटो असेल तर मूल होण्याच्या वयातल्या बाईला शेवटची पाळी कधी आली ते विचारावंच लागतं, आणि बहुतेक वेळा सासू शेजारीच उभी असते. सासूला “बाहेर थांबा, किरणं असतात” म्हणून दार लावायचं आणि मग हळू आवाजात विचारायचं. मुलगे असाल तर मावशींना किंवा सिस्टरना विचारायला सांगा. दार लागल्यावर “सांगू नका घरी, पण दिवस गेलेत वाटतं” हे मी तीनदा ऐकलंय. तीनही वेळा फोटो न काढता डॉक्टरांना फोन केला.

फिल्म आली की आधी गळ्याखालची दोन हाडं बघा. त्यांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर पेशंट वळलाय. मागच्या बरगड्या मोजा, नऊ-दहा दिसल्या तर श्वास भरलाय.

मार्करबद्दल एकच सांगते. उजव्या-डाव्याचं शिशाचं अक्षर कॅसेटवर (फिल्मच्या चपट्या डब्यावर) फोटो काढतानाच ठेवा, नंतर कॉम्प्युटरवर टाइप करू नका. ऊसतोडीच्या एका पोराच्या डाव्या मनगटावर मी उजव्याचा मार्कर ठेवला होता. सूज दिसत होती म्हणून पुढचा घोटाळा टळला. सरांनी ती फिल्म महिनाभर व्ह्यूबॉक्सवर, फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर, लावून ठेवली, माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट.

किरणांची भीती घरच्यांना जास्त असते. आईने मला विचारलं होतं, “पुढे लग्न, मुलंबाळं?” मला दोन मुलं आहेत, ठणठणीत. पण नियम पाळले म्हणून हे बिनधास्त लिहू शकते. देशात यावर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे एईआरबी, अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ पासूनचं, मुंबईत अणुशक्तीनगरला. काम करणाऱ्या माणसासाठी तिची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेली किरणं मोजायचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. गरोदर असल्याचं कळताच लेखी कळवायचं. त्यानंतर पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची, आणि कामाची जागा त्याप्रमाणे बदलून मागायची. यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमचा हिशेब ठेवतो तो टीएलडी बॅज. छातीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत लावायचा. दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो. मी एका दिवाळीला बॅज अ‍ॅप्रनलाच टोचून गावी गेले, आणि अ‍ॅप्रन टांगलेला होता एक्स-रेच्या खोलीत. मी घरी चकल्या तळत होते आणि बॅज इथे दिवसभर किरणं खात होता. आकडा नेहमीपेक्षा वर आला, कारण लेखी द्यावं लागलं. ते पत्र सहा वेळा खाडाखोड करून लिहिलं. बॅज ठेवायची जागा ऑफिसमध्ये असते, कुणीच न लावलेल्या, तुलनेच्या कंट्रोल बॅजशेजारी, तिथेच ठेवा. अ‍ॅप्रन घडी करून खुर्चीवर टाकू नका, आतल्या शिशाला भेगा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. लहान मूल धरायचं असेल तर अ‍ॅप्रन घालून नातेवाइकाने धरायचं, गरोदर बाईने नाही आणि तुम्हीही नाही. तुम्ही आज एक धराल, आणि वर्षात तीनशे होतील.

वॉर्डात पोर्टेबल (चाकांचं) मशीन घेऊन गेलात तर एक्स्पोजरआधी मोठ्याने “एक्स-रे!” ओरडा आणि निदान दोन मीटर मागे सरका. सिस्टर वैतागतात, वैतागू द्या.

एमएलसी, म्हणजे पोलिसांच्या, केसला फिल्मवर क्रमांक, तारीख, वेळ आणि बाजू घालून दोनदा वाचा, ती फिल्म कोर्टात जाते. सीटी पुढच्या वर्षांत येईलच. एमआरआयचं मात्र आतापासून डोक्यात ठेवा: चित्र काढणं बंद असलं तरी चुंबक चालूच असतं. २०१८ मध्ये मुंबईत एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि जीव गमावून बसला. शिकाऊ असलात तरी ट्रॉली, सिलिंडर, मामांच्या खिशातल्या किल्ल्या अडवायचा अधिकार तुम्हाला आहे. मोठे डॉक्टर असले तरी अडवा.

अभ्यासाचं फार सांगत नाही. रोंटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ ला किरणं शोधली हे तोंडी परीक्षेत हमखास येतं, आणि आपला रेडिओग्राफी दिनही त्याच तारखेला साजरा होतो. त्यापेक्षा एक दोनशे पानी वही करा, रिपीटची. फोटो परत काढावा लागला की तारीख, अवयव आणि कारण लिहा: हलला, श्वास अर्धा, वेणी, कापलं गेलं. माझ्या पहिल्या महिन्यात एक्केचाळीस नोंदी होत्या. सहाव्या महिन्यात नऊ, त्यातल्या पाच लहान मुलांच्या. कोर्स संपल्यावर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी करा, आणि सरकारी जाहिरातीत ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ आणि ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ ही दोन्ही नावं शोधा, नुसतं ‘टेक्निशियन’ टाकून सापडत नाहीत.

आणि फिल्म निघाली की पेशंट विचारणारच, “ताई, काय निघालं हो?” फ्रॅक्चर तुम्हाला स्वच्छ दिसत असेल, छातीतली गाठही दिसत असेल. चेहरा सरळ ठेवायचा. “काही नाही” असंही म्हणायचं नाही, कारण ते वाक्य धरून माणूस डॉक्टरांना न भेटता एसटी पकडतो. मी म्हणते, “फोटो छान आलाय काका, आता डॉक्टर बघून सांगतील, सात नंबरच्या खोलीत जा.” आणि सात नंबर कुठे आहे ते बाहेर येऊन हाताने दाखवते.