सातेरी मधमाशीवरचा व्हरोआ: कुळ आणि प्रजाती कशी ओळखाल?

महाबळेश्वर-मांघरकडच्या सातेरी पेटीत माशीवर तांबूस ठिपका दिसला, तर नर माश्यांची बंद घरे सुईने उघडून पाहा. व्हरोआ हा मधमाशीवर जगणारा बारीक परजीवी कोळी (माइट) तिथेच वाढतो. कोळी ओल्या ब्रशने उचलून उलटा करा, कारण पाय पोटाखाली दडलेले असतात. दहापट भिंगाखाली आठ पाय मोजा. मादी सुमारे १.१ मिमी लांब आणि १.५ ते १.७ मिमी रुंद, खेकड्यासारखी आडवी असेल तर गण मेसोस्टिग्माटा, कुळ व्हरोइडी.

अंग लांबट आणि चाल चपळ असेल तर तो ट्रॉपिलेलॅप्स, म्हणजे वेगळ्या कुळातला परजीवी कोळी. गफलत बहुधा इथेच होते. फुलोरी माशीवरचा युव्हरोआ मात्र व्हरोइडीतलाच.

व्हरोआच्या जॅकोबसोनी (नामकरण १९०४) आणि डिस्ट्रक्टर (नामकरण २०००) या प्रजातींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासणीला पाठवा. फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो.