टेकआउटसारखं चिकन-ब्रोकोली घरच्या घरी: झाकण बाजूला ठेवा

न्यू जर्सीत आल्यावर पहिली काही वर्षं आमचा शुक्रवार ठरलेला असायचा, कोपऱ्यावरच्या चायनीज दुकानातून चिकन विथ ब्रोकोली आणायचं. ते पांढरं घडीचं कागदी खोकं, आत चकचकीत तपकिरी ग्रेव्ही, लोण्यासारखं मऊ चिकन, हिरवीगार कुरकुरीत ब्रोकोली. मुलांना ते इतकं आवडायचं की शेवटी म्हटलं घरीच करू, आणि मग सुरू झाला प्रकार, दर वेळी चिकन वातड, ब्रोकोली पिवळट, आणि पॅनच्या तळाला पाणीच पाणी. सॉस बदलून पाहिले, फ्रिजच्या दारात बाटल्या वाढत गेल्या, पण फरक काही पडला नाही.

खूप दिवसांनी लक्षात आलं की चूक बाटलीत नाहीये, हाताच्या सवयीत आहे. आपण कसं करतो, फोडणी दिली, भाजी टाकली, झाकणावर पाणी ठेवून एक वाफ आणली. चिकन पण आधी अंगच्या पाण्यात मंद गॅसवर शिजू द्यायचं, मग मसाला. रश्श्यासाठी हे एकदम बरोबर आहे, पण इथे नेमकं उलटं हवं, पाणी सुटूच द्यायचं नाही आणि सुटलंच तर तिथल्या तिथे उडून गेलं पाहिजे. झाकण नाही, मंद गॅस नाही, आणि एकदा पॅन तापलं की सुरी हातात घ्यायला वेळ नाही. बाकी सगळं यातूनच येतं.

आधीच सांगते, हे आपल्याकडच्या गाडीवरचं चायनीज नाही. शेजवान चटणी, व्हिनेगर, हिरवी मिरची, कांद्याची पात यातलं काही नसतं. हे अमेरिकेतलं चायनीज, चीनच्या ग्वांगडोंग भागातून, विशेषतः तोइसान जिल्ह्यातून आलेल्या लोकांनी इथे उभं केलेलं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी होती, ती थेट १९४३ मध्ये उठली, आणि त्या सगळ्या वर्षांत इथे अडकलेल्या कितीतरी लोकांनी लॉन्ड्री आणि खानावळी चालवून पोट भरलं. त्यांच्या गावाकडे गायलान नावाची जाड देठांची हिरवी भाजी असते, तिच्या जागी इथे ब्रोकोली आली. दोन्ही एकाच जातीच्या भाज्या आहेत, आपला कोबी-फ्लॉवर पण त्यातलाच. हे सांगायचं कारण असं की गायलानमध्ये खरी मजा देठात असते, म्हणून ब्रोकोलीचा दांडा फेकू नका, वरची जाड साल काढून तिरके पातळ काप करा, मला तर तुऱ्यांपेक्षा तेच जास्त आवडतात.

तिघांपुरतं सामान सांगते. चमचे दोनच धरलेत, मोठा म्हणजे १५ मिलीचा आणि छोटा म्हणजे ५ मिलीचा. चिकन एक पाउंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, बिनहाडाचं. ब्रोकोलीचा एक मोठा गड्डा, तुरे आणि दांडा मिळून ३०० ग्रॅम तरी. लसणाच्या चार-पाच पाकळ्या, इंचभर आलं. चिकनला लावायला पाव छोटा चमचा बेकिंग सोडा, दोन मोठे चमचे पाणी, आणि एकेक मोठा चमचा लाइट सोया सॉस, शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), कॉर्नस्टार्च, तेल. सॉससाठी पाऊण कप चिकन स्टॉक (कमी मिठाचा घ्या), दोन मोठे चमचे ऑयस्टर सॉस, एक मोठा चमचा लाइट सोया, एक छोटा चमचा डार्क सोया, एक छोटा चमचा साखर, पाव छोटा चमचा पांढरी मिरपूड. दाटपणासाठी वेगळ्या वाटीत एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च आणि दोन मोठे चमचे गार पाणी. सगळ्यात शेवटी एक छोटा चमचा भाजलेल्या तिळाचं तेल. परतायला तीनेक मोठे चमचे साधं तेल.

यातल्या तीन गोष्टींवर आपली लोकं हमखास फसतात. पहिली कॉर्नफ्लॉवर. भारतात आपण ज्याला कॉर्नफ्लॉवर म्हणतो ते इथे कॉर्नस्टार्च नावाने मिळतं, आणि इथल्या दुकानात कॉर्न फ्लोअर म्हणून मागितलं तर मक्याचं पिवळं पीठ हातात येतं, त्याने सॉस कधीच चकचकीत होणार नाही, पिठल्यासारखा होईल. दुसरी तिळाचं तेल. आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, फिकट रंगाचं, ते इथे उपयोगाचं नाही. चिनी तेल भाजलेल्या तिळाचं असतं, गडद तपकिरी, बाटली उघडली की वास घरभर. ते तळायला वापरायचं नाही, गॅस बंद केल्यावर वरून घालायचं, नाहीतर वास उडतो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. तिसरी सोया सॉस. लाइट चवीला आणि मिठाला, डार्क रंगाला. घरात फक्त डार्क असेल तर सगळीकडे तेच ओतू नका, काळंकुट्ट होतं. साधं जपानी पद्धतीचं सोया, किक्कोमनसारखं, लाइटच्या जागी छान चालतं.

ऑयस्टर सॉसला मात्र मी पर्याय शोधत नाही. १८८८ मध्ये ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर ली कुम शेउंग यांनी हा सॉस विकायला सुरुवात केली, त्यांच्याच नावाची ली कुम की कंपनी आजही तो बनवते, आणि टेकआउटच्या ग्रेव्हीला जी गोडसर-खारट खोल चव असते ती यातूनच येते. ऑयस्टर म्हणजे शिंपले, त्यांची अ‍ॅलर्जी असेल तर मशरूमचा शाकाहारी सॉस मिळतो तो घ्या. शाओशिंग वाइन नसेल तर ड्राय शेरी, तीही नको असेल तर स्टॉक घाला, थोडी चव कमी होते पण अडत नाही. चिमूटभर अजिनोमोटो घातलं तर दुकानाच्या अजून जवळ जातं, मी घालते.

आता चिकन. ब्रेस्ट घेतलं तरी चालतं, मांडी घेतली तर चुकायची भीती कमी. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, दगड नाही व्हायला पाहिजे, नुसतं कडक, मग सुरीने पातळ काप छान पडतात, पाव इंचाच्या आतबाहेर. कापताना मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा, धागे तुटले की घास मऊ लागतो, धाग्यांच्या दिशेनेच कापलं तर कितीही काही लावा दोऱ्या चावल्यासारखंच होणार.

मग येतं ते खरं गुपित, ज्याला इंग्रजीत व्हेल्वेटिंग म्हणतात, मखमलीसारखं करणं. काप वाडग्यात घ्या, सोडा पाण्यात विरघळवून त्यावर घाला आणि हाताने दोन मिनिटं चोळा, पाणी चिकन पिऊन टाकेल, वाडग्यात खाली दिसायला नको. सोड्यामुळे चिकनचा पृष्ठभाग जरा अल्कधर्मी होतो, मग तापल्यावर त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि आतलं पाणी पिळून बाहेर येत नाही. सोडा पाव चमचाच, हात सैल सोडू नका, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. काही जण जास्त सोडा लावून नंतर चिकन धुतात, मला ते कच्च्या चिकनचं पाणी सिंकभर उडवणं नको वाटतं म्हणून मी कमी सोडा लावून धुवत नाही. त्यावर सोया आणि वाइन घालून कालवा, मग कॉर्नस्टार्च, आणि अगदी शेवटी तेल. तेल आधी घातलं तर बाकी काही आत जात नाही, शेवटी घातलं तर काप पॅनमध्ये सुटे सुटे राहतात. वीस मिनिटं झाकून ठेवा (इथे मात्र झाकण चालतं). कॉर्नस्टार्चचा पातळ थर चिकनला आगीपासून वाचवतो आणि नंतर सॉस त्याला धरून बसतो.

हॉटेलात हे काप पुढे कोमट-गरम तेलात सोडून काढतात, तिथे मोठी कढई कायम तेलाने भरलेलीच असते, आपल्याला घरी तेवढं तेल काढायचं नसतं म्हणून पॅनमध्येच करू. तेल अगदी कमी हवं असेल तर उकळत्या पाण्यात चमचाभर तेल घालून त्यात काप ४० सेकंद सोडायचे आणि गाळून घ्यायचे, मग कडेने सोनेरी रंग येत नाही पण मऊपणा पुरेपूर येतो.

तोपर्यंत ब्रोकोली. तुरे एका घासाचे करा, मोठे ठेवू नका. पातेल्यात पाणी खळखळ उकळलं की मीठ घालून एक मिनिट, मोजून एकच मिनिट, रंग गर्द हिरवा झाला की चाळणीत ओता, वरून गार पाणी, आणि मग स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडी करा. हे कोरडं करणं बहुतेक लोक सोडून देतात आणि मग म्हणतात पाणी कुठून आलं. तुऱ्यांच्या बारीक कळ्यांमध्ये भरपूर पाणी अडकून राहतं.

आलं-लसूण पेस्ट घेऊ नका, पेस्टमधलं पाणी तडतडतं आणि तळाला चिकटून करपतं. बारीक चिरा. सॉसचं सगळं एका वाटीत, कॉर्नस्टार्चचं पाणी दुसऱ्या वाटीत, आलं-लसूण तिसऱ्या, आणि सगळं गॅसच्या शेजारी ओट्यावर हाताशी. भात आधीच शिजवून ठेवा, कारण इथून पुढे एकूण सात-आठ मिनिटांचाच खेळ आहे.

हॉटेलच्या वोकखाली (वोक म्हणजे चिनी खोल कढई) १ लाख बीटीयू (शेगडीच्या उष्णतेचं माप) आणि त्याहून जास्तीची शेगडी धडधडत असते, घरचा गॅस साधारण ७ ते १२ हजारांच्या घरात, आणि अपार्टमेंटमध्ये तर काचेचा इलेक्ट्रिक स्टोव्ह. म्हणून गोल बुडाचा वोक घरी आणून काही होत नाही, त्याचं बूड नीट टेकतच नाही. सपाट बुडाचं, जाड, उष्णता धरून ठेवणारं भांडं घ्या, बारा इंची बिडाचा पॅन किंवा आईकडून आणलेली बिडाची कढई असेल तर उत्तमच. नॉनस्टिक नको, ते रिकामं इतकं तापवलं तर त्याचा थर खराब होतो. एक्झॉस्ट फॅन आधीच लावा, खिडकी उघडा, स्मोक अलार्म जवळच असेल तर हे विसरू नका.

पॅन मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं नुसतं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत पळाला पाहिजे. मग तेल. चिनी आचारी म्हणतातच, कढई गरम तेल गार, म्हणजे आधी भांडं तापवायचं आणि तेल नंतर, त्याने चिकन चिकटत नाही. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं घ्या, कॅन्टनी, म्हणजे त्या ग्वांगडोंगकडचे लोकही शेंगदाण्याचंच तेल वापरतात, फक्त घाण्याचं नको, ते लवकर धुरावतं.

चिकन निम्मंच टाका. सगळं एकदम टाकायचा मोह होतो, पण मग पॅन गार पडतं, पाणी सुटतं आणि आपण परत आपल्या रश्श्यावर येतो. निम्मे काप एका थरात पसरा आणि हात लावू नका, ४५ सेकंद ते मिनिटभर नुसता चरचर आवाज ऐका, खालून कडा सोनेरी झाल्या की उलथन्याने परता, अजून अर्धा-एक मिनिट, गुलाबी रंग जवळपास गेला की ताटलीत काढा. पूर्ण शिजायची वाट बघू नका, ते परत पॅनमध्ये जाणार आहे. आवाज मंदावला तर समजा आच कमी पडतेय. पॅन परत मिनिटभर तापू द्या, थोडं तेल, आणि उरलेलं चिकन तसंच.

आता चमचाभर तेलात आलं-लसूण, फक्त १५-२० सेकंद, वास आला की लगेच ब्रोकोली, मिनिटभर जोरात परता. चिकन आणि ताटलीत सुटलेला रस सगळं परत टाका. सॉस मधे न ओतता पॅनच्या कडेने फिरवून ओता, तापलेल्या कडेला लागून त्याची साखर आणि सोया किंचित जळल्यासारखं होतं, वोकच्या त्या धुरकट चवीच्या घरी जितकं जवळ जाता येतं ते एवढंच. उकळी फुटली की कॉर्नस्टार्चचं पाणी तळापासून ढवळून (ते खाली बसलेलं असतं) थोडं थोडं सोडा, एका हाताने हलवत राहा. अर्ध्या मिनिटात सॉस दुधाळचा पारदर्शक होतो, चकाकतो आणि चिकनला चिकटतो. कदाचित सगळं पाणी लागणार नाही, चमच्याच्या पाठीवर थर बसला की थांबा. चिकनचा सगळ्यात जाड काप तोडून आतून पूर्ण पांढरा आहे ना बघा, थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. गॅस बंद, वरून तिळाचं तेल, एकदा हलवा आणि लगेच वाढा, पॅनमध्ये ठेवलं तर ब्रोकोली शिजत राहते.

भात जास्मिनचा करा, बासमती फार सुटा पडतो आणि सॉस खाली निथळून जातो. आमच्याकडे भारतातून आणलेला आंबेमोहर असला की मी तोच लावते, किंचित चिकट, सॉस धरून ठेवणारा, आणि त्याचा वास या सौम्य ग्रेव्हीबरोबर छान लागतो. उरलं तर दुसऱ्या दिवशी डब्यात द्या, मायक्रोवेव्हमध्ये चमचाभर पाणी शिंपडून दीड मिनिट, ब्रोकोली जरा मऊ पडते पण चिकन तसंच राहतं.